२१ गिअरांची सायकल आणि डांबरी रस्ता

माझी पहिली गिअरची सायकल डांबरावर गुणगुणायची. जाडजूड, बटणाबटणांचे टायर होते. जरा वेग घेतला की भुंगा पाठीमागे लागल्यासारखा आवाज यायचा. तेव्हा त्यात मला रुबाब वाटे. खुद्द आवाजात ऊर्जा फारशी जात नाही, पण तो चुगली करतो. प्रत्येक बटण रस्त्याला टेकताना मुडपतंय, सुटताना सरळ होतंय, आणि त्या मुडपण्याची किंमत माझे पाय भरताहेत, ही ती चुगली. ती कळायला मला दोन वर्षं लागली.

दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही. तिथे ऐकू येतं ते ‘पुढे सस्पेन्शन, डबल डिस्क, २१ गिअर’. आपल्याला मात्र सकाळी आठ-दहा किलोमीटर हिंडायचं असतं, येताना भाजी आणायची असते, आणि रस्ता डांबराचा नाहीतर काँक्रीटचा असतो. त्यासाठी हायब्रिड हा प्रकार बरा: डोंगरी सायकलीचं सरळ हँडल आणि दणकट सांगाडा, पण चाकं रस्त्यावरच्या सायकलीसारखी मोठी आणि हलकी. प्रश्न हा की १५-२० हजारांत मिळणाऱ्या हायब्रिडमध्ये पैसे कशाला मोजायचे. याचं उत्तर शोधायला आधी आपली ताकद कुठे जाते ते पाहू.

समजा माणूस ७० किलोचा, सायकल १५ किलोची, वेग तासाला १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. रस्ता सपाट, वारा पडलेला. चेन आणि बेअरिंगमध्ये थोडी ताकद जाते, ती सोडून देऊ. उरतात दोन मोठे गिऱ्हाईक: हवा आणि टायर. ताठ बसलेल्या माणसाला हवा बाजूला सारायला साधारण ४५ वॉट लागतात. चांगल्या गुळगुळीत टायरला २० वॉटच्या आसपास. बटणांचे, कमी हवेचे टायर असतील तर हाच आकडा सहज ४० वर जातो. म्हणजे नुसत्या टायरपायी २० वॉट वाया. एकूण ६५ वॉटांच्या कामात ही वाढ जवळजवळ एक तृतीयांश झाली.

टायर ही ऊर्जा खातो कशी? जो भाग रस्त्याला टेकतो तो चपटा होतो आणि सुटला की पुन्हा गोल होतो. दबताना आपण घातलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी उष्णता बनून त्यातच मुरते. चाकाच्या प्रत्येक फेरीत हे सगळ्या परिघावर घडतं. रबर जाड असेल, वर बटणं असतील, हवा कमी असेल, तर दबणं जास्त आणि मुरणंही जास्त.

यावरून ‘मग टायर जितका बारीक तितका चांगला’ असं वाटेल, पण ते खरं नाही. हवेचा दाब सारखा असेल तर बारीक आणि रुंद टायर जमिनीवर सारखंच क्षेत्रफळ टेकवतात. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलो, मागच्या चाकावर ४५ किलो भार असेल तर टेकलेली जागा जेमतेम ११ चौरस सेंटिमीटर, काड्यापेटीपेक्षाही लहान. बारीक टायरमध्ये हा ठसा लांबट आणि अरुंद असतो, रुंद टायरमध्ये आखूड आणि पसरट. ठसा लांबट असला की टायर जास्त दबतो, म्हणजे सारख्या दाबाला रुंद टायरच कमी ऊर्जा खातो. रुंद टायरमध्ये दाब थोडा कमी ठेवतात, त्यामुळे हा फायदा काहीसा आरामात खर्च होतो, आणि आपले खड्डे, गटारांची झाकणं, रंग उडालेले गतिरोधक पाहता तो आराम मला हवाच असतो. म्हणून ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे, गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचे टायर. माझ्या लेखी हायब्रिडची अर्धी निवड इथेच संपते.

टायरवर ‘७००×३५सी’ असं काही लिहिलेलं असेल. त्यातले ७०० मिलिमीटर आता कशाचंच माप राहिलेले नाहीत. टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ६२२ मिलिमीटर. आजोबांच्या काळ्या सायकलीची २८ इंची चाकं याहून मोठी, ६३५ची. फरक १३ मिलिमीटरचाच, पण त्या सायकलीचा टायर या चाकावर बसणार नाही. टायर घेताना बाजूवर कोरलेला ६२२ हा आकडा पाहावा.

आता ते २१ गिअर. पुढे पायडलपाशी २८, ३८ आणि ४८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे चाकापाशी १४ ते २८ दात्यांच्या सात, ही स्वस्त सायकलींतली नेहमीची मांडणी. पुढे २८ आणि मागे १४ घेतलं की एका पायडल-फेरीत चाक दोनदा फिरतं. पुढे ४८, मागे २४ घेतलं तरी दोनदाच! २१ पैकी कितीतरी जोड्या अशा एकमेकींच्या सावल्या असतात. मिनिटाला ७० फेऱ्या या आरामशीर गतीने पाय फिरवले, तर हाच दोनाचा गिअर तुम्हाला तासाला १८ किलोमीटरने नेतो. म्हणजे सपाट रस्त्यावर तुमचं बहुतेक आयुष्य या एका गिअरच्या आजूबाजूला जाणार. पुढे एकच चकती आणि मागे सात असतील तरी गावातल्या उड्डाणपुलांना पुरतं, शिवाय बिघडायला एक भाग कमी. रोजच्या वाटेत घाट असेल त्याने मात्र तिन्ही चकत्या घ्याव्यात.

उड्डाणपुलावरून वजनाचं आठवलं. १०० मीटरला ३ मीटर चढ, वेग तासाला १० किलोमीटर, तर नुसतं ८५ किलो वर ओढायला ७० वॉट लागतात. सायकल दोन किलोने हलकी घेतली तर त्यातले दीडएक वॉट वाचतात. या दोन किलोंसाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त गप्प बसतो.

पुढच्या चिमट्यातलं सस्पेन्शन मी सरळ नाकारतो. या किमतीत मिळते ती साध्या स्प्रिंगची नळी, वजन किलोभर वाढवणारी. उभं राहून पायडल मारलं की ती खाली-वर होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंजून धड स्प्रिंगही राहत नाही. बारीक हादरे टायरमधली हवा तिच्याहून चांगले पचवते.

ब्रेकचं उत्तर इतकं सोपं नाही. कोरड्या रस्त्यावर नीट जुळवलेले रिमवरचे ब्रेकही मागचं चाक सहज घसरवतात. डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेल्या तबकडीला पकडणारा ब्रेक, त्याहून जास्त काय करणार? पण भर पावसात ओली रिम आधी पुसली जाते आणि मग पकड येते, त्या क्षणात सायकल दोन-चार मीटर पुढे गेलेली असते. कोकणात किंवा पावसाळाभर चालवणाऱ्याने डिस्क घ्यावी. इतरांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला जे दुरुस्त करता येईल ते घ्यावं.

हे सगळं जुळलं तरी माप चुकलं तर गुडघा बोलतोच. दुकानात सीटवर बसा, भिंतीला हात टेका, टाच पायडलवर ठेवून ते सगळ्यात खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. उतरून उभं राहिलं की आडव्या नळीच्या वर दोन-तीन बोटं जागा हवी.

सायकल घरी आली की दाब दाखवणारा पंप घ्या आणि एक प्रयोग करा. सौम्य उतारानंतर सपाट होणारा, रहदारी नसलेला रस्ता शोधा. एका खांबापासून पायडल न मारता सायकल सोडा आणि ती जिथे थांबेल तिथे खडूने रेघ ओढा. मग हवा निम्मी करून त्याच खांबापासून पुन्हा सोडा. दोन रेघांमधलं अंतर पावलांनी मोजता येतं.