इंजिन आठपट लहान, पण टॉलरन्स निम्माच

ओळखीतला डिप्लोमाचा एक विद्यार्थी गेल्या महिन्यात हिरमुसून घरी आला. वाफेच्या छोट्या इंजिनाचं जुनं ब्रिटिश ड्रॉइंग त्याने मिळवलं होतं. शाफ्टचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं, माप 5/16 इंच. पठ्ठ्याने 25.4 ने गुणलं, उत्तर आलं 7.9375 मिलिमीटर, आणि तीन संध्याकाळी तो लेथवर त्या चार दशांशांच्या मागे लागला होता. "काका, भोक तेवढंच केलं, शाफ्टही तेवढाच केला. मग आत जात का नाही?"

जाणारच नाही. भोक आणि शाफ्ट एकाच मापाचे झाले तर फिरायला जागा कुठली? मध्ये तेलाचा थर बसायचा असतो, त्यालाही काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतात. शिवाय कॅल्क्युलेटरने दिलेले ते दशांश ड्रॉइंग काढणाऱ्याच्या मनातही नव्हते. 5/16 म्हणजे 5/16 च्या रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) निघेल ते भोक, आणि त्यात सुखाने फिरेल असा शाफ्ट. जुन्या हौशी ड्रॉइंगवर बऱ्याचदा टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ती सूट, नसतोच; 'रनिंग फिट' (आत मोकळा फिरणारा) किंवा 'प्रेस फिट' (दाबून घट्ट बसवलेला) एवढे दोन शब्द असतात. कारण इंजिन एकच करायचं असतं. कारखान्यात कुठलाही शाफ्ट कुठल्याही बुशमध्ये (ज्यात तो फिरतो त्या नळीत) बसावा लागतो, म्हणून तिथे दोन्ही मापांना हद्दी घालाव्या लागतात. घरच्या लेथवर दोन मापांमधला फरक सांभाळला की पुरतं.

म्हणून आधी भोक, मग शाफ्ट. रीमरचं माप ठरलेलं असतं, ते आपल्याला बदलता येत नाही. शाफ्टवरून मात्र हवा तेवढा पातळ काप घेता येतो. आयएसओच्या फिट पद्धतीत 'एच' अक्षराचं भोक असतं, ते याच विचाराने: त्याची खालची हद्द नेमकी मूळ मापावर. अक्षरापुढचा आकडा टॉलरन्स किती काटेकोर ते सांगतो. 10 मिमी एच-7 भोक 10.000 ते 10.015 मध्ये कुठेही चालतं. त्यात फिरणारा जी-6 शाफ्ट 9.986 ते 9.995. म्हणजे मोकळीक कमीत कमी 5 मायक्रॉन, जास्तीत जास्त 29. ठोकून बसवायचा पी-6 शाफ्ट 10.015 ते 10.024, भोकाएवढा किंवा त्याहून जाडच.

आता माझा आवडता भाग. मोठ्या इंजिनात 80 मिमीचा शाफ्ट आहे आणि आपण आठपट लहान प्रतिकृती करतोय, शाफ्ट 10 मिमी. टॉलरन्सही आठपट कमी हवा, असं कुणालाही वाटेल. 80 मिमीला एच-7 चा पट्टा 30 मायक्रॉनचा, भागिले आठ, पावणेचार मायक्रॉन! घरच्या लेथवर ते जमणं जवळपास अशक्य. पण आयएसओचा तक्ता उघडा: 10 मिमीला 15 मायक्रॉन. व्यास आठपट घटला, टॉलरन्स निम्माच झाला. आठाचं घनमूळ दोन, ही सगळी त्याचीच करामत.

तक्त्यामागचं सूत्र असं: i = 0.45 ∛D + 0.001 D. D मिलिमीटरमध्ये, i मायक्रॉनमध्ये, आणि एच-7 साठी 16i. प्रत्यक्ष यंत्रकामात होणाऱ्या चुका व्यासाच्या प्रमाणात वाढत नाहीत, साधारण घनमुळाने वाढतात, हे अनुभवातून आलेलं आहे. दुसरं पद मोजमापाच्या चुकीसाठी: तापमानाने होणारी वाढ सरळ व्यासाच्या प्रमाणात असते. तक्त्यात मापांचे गट असतात; 6 ते 10 मिमीच्या गटासाठी D म्हणून √(6 × 10), म्हणजे 7.75 धरा. घनमूळ 1.98, त्यावरून i सुमारे 0.9, आणि 16i सुमारे 14.4. तक्त्यात त्याचे 15 झालेत. जी-शाफ्टची किमान मोकळीकही अशीच वागते, 80 ला 10 मायक्रॉन, 10 ला 5. म्हणजे आकाराच्या मानाने मॉडेलला मूळ इंजिनाच्या चौपट सूट मिळते, आणि ती हक्काने घ्यावी.

डिजिटल कॅलिपरच्या जाहिरातींनी इथे बरंच नुकसान केलंय. पडद्यावर शतांश मिलिमीटर दिसतो म्हणून तेवढी अचूकता आली, असं होत नाही. चांगल्या कॅलिपरचीही चूक 0.02 मिमीपर्यंत असू शकते. 5 ते 29 मायक्रॉनच्या खेळात 20 मायक्रॉनची चूक म्हणजे अंदाजपंचेच. मायक्रोमीटर घ्या, आणि जॉब लेथवरून गरम उतरला असेल तर निवू द्या. मापं 20 अंश सेल्सियसची धरलेली असतात.

त्या मुलाला मी भोकातून रीमर फिरवायला लावला. शाफ्ट मायक्रोमीटरने 7.93 होईपर्यंत बारीक काप, मग तेल लावलेला एमरी पेपर, दर दोन मिनिटांनी भोकात घालून बघणं. 7.92 ला शाफ्ट आपल्या वजनाने हळूहळू आत उतरला.

मग पाऊण इंची सिलिंडर आणि दट्ट्या. त्याला आकडा सांगितलाच नाही. दट्ट्याला तेल लावून आत सारायचा, दुसरं तोंड तळव्याने घट्ट दाबायचं आणि दट्ट्या झटकन ओढायचा. पहिल्या रविवारी नुसतीच फुस्स. त्याने नवा दट्ट्या केला, थोडा जाड. दुसऱ्या रविवारी फोनवर आधी 'पुक्' असा आवाज ऐकू आला, मग त्याचा.