डॉट पंच की सेंटर पंच? लेथवर बनवताना टोक कोणतं द्यायचं

धातूवर ठोकून भोकाच्या जागेची खूण करायचे हे दोन्ही पंच एकाच सळईतून निघतात आणि दिसतातही सारखेच, त्यामुळे हाताशी येईल तो उचलला जातो. पण डॉट पंचचं टोक ६०° चं, सेंटर पंचचं ९०° चं. डॉट पंचचं अणकुचीदार टोक आखणीच्या रेघेवरून हलकेच सरकवलं की दोन रेघा जिथे छेदतात तिथे अडकल्याचं बोटांना कळतं. तिथे हलका ठोका द्यायचा. खूण किंचित चुकली तर पंच तिरका धरून ती ओढून जागेवर आणता येते. मग त्याच खुणेत सेंटर पंच उभा धरून एकच दणका. ड्रिलच्या अगदी टोकाला आडवी बोथट धार असते. डॉटच्या अरुंद खळग्यात ती मावत नाही, काठावर नाचते आणि भोक भरकटतं.

बनवायला १० मिमी जाडीची सिल्व्हर स्टीलची (कडक करता येणारं कार्बन पोलाद) ११० मिमी लांब सळई घ्या. पंच १०० मिमीचाच होईल. टोकाकडचे जादा १० मिमी सेंटर ड्रिलने खळगा पाडून टेलस्टॉकच्या (लेथच्या मागच्या टोकाच्या) आधारासाठी, कारण आधाराविना नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी दाबणं) केलं तर सळई वाकते. आधी नर्लिंग, मग पुढचा ३० मिमी भाग ५ मिमीपर्यंत निमुळता. जादा तुकडा हॅकसॉने कापा.

आता टोक. कम्पाउंड स्लाइड (टूल धरणारा, कोनात वळवता येणारा सरकता भाग) लेथच्या अक्षापासून निम्म्या कोनात वळवायची: डॉटला ३०°, सेंटरला ४५°. पूर्ण ६०° लावले तर टोक १२०° चं होतं. काही लेथवर स्लाइडचं शून्य आडव्या दिशेला असतं. ४५° ला त्याने बिघडत नाही, ३०° ला हमखास बिघडतं, म्हणून कोन गेजने तपासाच. टूल केंद्राच्या खाली असेल तर टोकावर बोंडी (न कापलेला बारीक उंचवटा) उरते.

पाणी देताना, म्हणजे पोलाद कडक करताना, फक्त पुढचे २० मिमी चेरीसारखे लाल करा. लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून पाण्यात सरळ उभं बुडवा. मग टोक घासून चकचकीत करा आणि ठिसूळपणा घालवायला मागच्या बाजूने सावकाश तापवा. रंग टोकाकडे सरकताना दिसतात. डॉट पंच गडद पिवळ्यावर थांबवावा, सेंटर पंच तपकिरी-जांभळ्यावर, कारण त्याला घाव मोठे बसतात. डोकं मात्र मऊच ठेवा. कडक डोक्याची कपची उडून डोळ्यात जाते. मऊ डोकं फुलतं, ते वेळोवेळी ग्राइंडरवर साफ करायचं.