उघड गुपित चव्हाट्यावर येतं तेव्हा

शनिवारी रात्री फुटबॉलची मॅच बघायला आम्ही चार-पाच जण जमतो. तिथे महिन्यातून एकदा तरी एकच वाद होतो. इंग्लंडमधल्या कुठल्यातरी क्लबचे फॅन मालकाविरुद्ध फलक धरून उभे असतात, कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो, आणि आमच्यातला एक सीए मित्र चहाचा कप हातातच धरून म्हणतो, "ओरडा लेको. पैसा त्याचा, क्लब त्याचा. खिशाला चाट बसल्याशिवाय कुठला मालक हललाय?"

ऐकायला व्यवहारी वाटतं. पण ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर जे झालं ते या हिशोबात बसत नाही.

सामना संडरलंडशी होता. त्याच आठवड्यात क्लबने पुढच्या हंगामाचे तिकीटदर जाहीर केले होते. वाढवलेल्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ पौंडांवर जाणार होतं. फॅनच्या संघटनांनी ठरवलं की ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडायचं. लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, म्हणजे बसून राहायला कारण भरपूर होतं. घड्याळात ७७ झाले आणि सुमारे १०,००० माणसं खुर्च्यांवरून उठून दरवाज्यांकडे निघाली. चारच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, मालक असलेल्या फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने माफी मागितली, ७७ पौंडांचं तिकीट रद्द केलं आणि ५९ पौंडांचा कमाल दर दोन हंगाम गोठवून टाकला.

आता सीए साहेबांना विचारायचं ते हे, की त्या दिवशी मालकाचं नुकसान किती झालं? शून्य. तिकिटं आधीच विकली गेली होती, १३ मिनिटं कमी बघितली म्हणून कुणी पैसे परत मागितले नाहीत. लोक चिडलेत ही तरी मालकाला नवी बातमी होती का? तीही नव्हती, कारण फॅनच्या प्रतिनिधींशी बोलणी आधी होऊन फिसकटली होती. पैसा गेला नाही, नवी माहिती मिळाली नाही, तरी चार दिवसांत माघार. मग त्या मिनिटाला बदललं काय?

याचं उत्तर गणितात आहे, आणि ते माझ्या अत्यंत आवडीचं असल्यामुळे मी जरा रेंगाळणार आहे.

विसर्जनाची मिरवणूक आटोपून सई, ओम आणि रेवा ही तीन भावंडं घरी आली आहेत. तिघांच्याही कपाळाला गुलाल आहे, पण स्वतःचं कपाळ कुणालाच दिसत नाही. आरसा नाही, बोलायला बंदी. आजी म्हणते, "तुमच्यातल्या निदान एकाच्या कपाळाला गुलाल लागलाय. आपल्याच कपाळाला आहे अशी ज्याची पक्की खात्री होईल, त्याने टाळी वाजल्यावर उठून तोंड धुवायला जायचं." आजी टाळी वाजवते. कुणी हलत नाही. दुसरी टाळी. तरी सगळे बसलेले. तिसऱ्या टाळीला तिघंही एकदम उठतात.

असं का? समजा गुलाल एकालाच असता, तर त्याला समोर दोन कोरी कपाळं दिसली असती आणि तो पहिल्याच टाळीला उठला असता. दोघांना असता, तर त्या दोघांना समोर एकेक रंगलेलं कपाळ दिसलं असतं. पहिल्या टाळीला समोरचा उठला नाही, म्हणजे त्यालाही कुणीतरी रंगलेलं दिसतंय, आणि ते माझ्याशिवाय दुसरं कुणी असू शकत नाही, असं ताडून दोघं दुसऱ्या टाळीला उठले असते. दुसऱ्या टाळीलाही सगळे बसून राहिले, म्हणजे गुलाल तिघांना आहे. (मुलं फार हुशार आहेत, मान्य. गणिताच्या कोड्यातली मुलं असतातच.)

खरी गंमत पुढे आहे. आजीने सांगितलं ते तिघांना आधीच माहीत होतं! प्रत्येकाला डोळ्यांसमोर दोन रंगलेली कपाळं दिसत होती. तरीही आजी ते वाक्य न बोलता नुसत्या टाळ्या वाजवत बसली असती, तर शंभराव्या टाळीलाही कुणी उठलं नसतं. मग माहीत असलेली गोष्ट सांगून आजीने दिलं काय?

सईच्या डोक्यात शिरून पाहू. ती म्हणते, समजा माझं कपाळ कोरं आहे. तसं असेल तर ओमला एकट्या रेवाचं कपाळ रंगलेलं दिसेल. सईच्या मनातला हा ओमसुद्धा म्हणू शकतो, समजा माझंही कोरं आहे. मग त्याच्या मनातल्या रेवाला दोन कोरी कपाळं दिसतील, आणि गुलाल कुणाला लागलाय की नाही हेच तिला ठाऊक नसेल. म्हणजे सईला माहीत आहे की ओमला माहीत आहे. पण रेवाला माहीत आहे हे ओमला माहीत आहे का, याची सईला खात्री नाही. आजीचं वाक्य सगळ्यांच्या देखत उच्चारलं गेलं, आणि 'त्याला माहीत आहे की तिला माहीत आहे की मला माहीत आहे' ही शिडी एका फटक्यात वरपर्यंत, अगदी अनंत पायऱ्यांपर्यंत, पुरी झाली. इथे डोकं गरगरलं तर कागदावर तीन तोंडं काढून बघा. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि दुसऱ्यांदाही.

गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये या कल्पनेला काटेकोर गणिती रूप दिलं. इंग्रजीत तिला 'कॉमन नॉलेज' म्हणतात. त्याचं 'सामान्य ज्ञान' केलं की स्पर्धापरीक्षेचं पुस्तक डोळ्यांपुढे येतं, म्हणून तो शब्द नको. खरं तर मराठीत हा फरक केव्हाचा आहे. जे सगळ्यांना माहीत असतं पण 'सगळ्यांना माहीत आहे' हे कुणी धरून चालू शकत नाही, ते उघड गुपित. तेच सगळ्यांदेखत बोललं गेलं की ते चव्हाट्यावर येतं. माहिती तेवढीच असते, पण तिच्या जोरावर काय करता येतं ते पार बदलतं.

आता ॲनफिल्डला परत. स्टँडमधल्या प्रत्येकाला दर अन्यायाचे वाटत होते, शेजारचाही कुरकुरतोय हे दिसत होतं. पण चालू मॅचमध्ये उठायचं म्हणजे पंधरा जणांचे गुडघे ओलांडायचे, मागून "बसा हो" ऐकायचं, आणि आपण एकटेच निघालो तर मूर्ख ठरायचं. उठायचं की नाही हे दुसरा उठेल का यावर ठरतं, आणि दुसऱ्याचंही तसंच.

अशा कोंडीवर अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी विचार केला होता. त्यांनी ओळखीच्यांना विचारलं, न्यूयॉर्कमध्ये एकाला भेटायचंय, जागा-वेळ ठरलेली नाही, संपर्क नाही, कुठे जाल? बरेच जण म्हणाले, ग्रँड सेंट्रल स्टेशन, दुपारी बारा. पुण्यात हा प्रश्न टाकला तर निम्मे तरी शनिवारवाड्यासमोर उभे राहतील. ठरवलेलं नसतानाही सगळ्यांची नजर जिथे आपोआप जाते तो बिंदू. ७७ हा आकडा असाच होता. तोच किमतीत, तोच घड्याळात, लक्षात ठेवायला काही नाही आणि गैरसमजाला जागा नाही. 'दुसऱ्या हाफमध्ये निषेध करू' असं ठरवलं असतं तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत ९० मिनिटं बसला असता. त्या दिवशी घड्याळानेच आजीची टाळी वाजवली. (ऑमन आणि शेलिंग यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते २००५ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकून. नुसता योगायोग, पण मला आवडतो.)

मालकाच्या दृष्टीने त्या मिनिटापूर्वी समोर १०,००० सुटी चिडलेली गिऱ्हाइकं होती. नंतर आपण एकत्र हलू शकतो हे समजलेला, आणि ते मालकालाही समजलंय हे जाणणारा, एक जमाव होता. पुढच्या शनिवारी तो काय करेल?

याच विषयावर मला व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड आला होता. हजारो मनं एकाच क्षणी एक संकल्प करतात तेव्हा 'सामूहिक कंपनं' तयार होतात आणि वास्तव बदलतं म्हणे, शेवटी क्वांटमची फोडणी. कंपनं वगैरे काही नसतं. डोळे मिटून बसलेल्या लाखभर लोकांनी संकल्प केला तरी शेजारच्याने तो केलाय हे कुणाला कळणार? काम करतात ते उघडे डोळे. गर्दीत माणसाची अक्कल जाते हा दुसरा लाडका समज. ॲनफिल्डवर उलटंच दिसलं, तिथला प्रत्येक जण अगदी हिशोबाने उठला.

पण चव्हाट्यावर आलेली प्रत्येक गोष्ट जिंकत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचं एक झकास उदाहरण दिलं. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड उचलतो. दुसऱ्याला एक जण पुढे दिसायला हवा, तिसऱ्याला दोन, असं करत शेवटच्याला ९९. दंगल पेटते, शंभरही जण सामील. आता दुसऱ्या माणसाच्या जागी दोन जण दिसल्याशिवाय न हलणारा ठेवा. पहिला दगड मारतो, पुढे कुणीच येत नाही, आणि पेपरात छापून येतं 'माथेफिरूचा उपद्रव'. दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच, फरक एका माणसाचा. म्हणून बाहेरून नुसती संख्या मोजून निकाल सांगता येत नाही.

हा नियम मालकांनाही लागू पडतो, हे २०२१ मध्ये दिसलं. १८ एप्रिलच्या रात्री युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी सुपर लीग, म्हणजे आपली वेगळी, जवळजवळ बंदिस्त स्पर्धा, जाहीर केली, त्यात इंग्लंडचे सहा. २० तारखेला चेल्सीचे फॅन स्टॅमफर्ड ब्रिज या क्लबच्या मैदानाबाहेर रस्ता अडवून उभे राहिले. संघाची बस अडकली आणि पूर्वीचा गोलकीपर पेत्र चेक स्वतः गर्दीत येऊन "जरा वेळ द्या" म्हणून विनवू लागला. त्या संध्याकाळी मँचेस्टर सिटीने माघार जाहीर केली आणि रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर. सरकार, युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना, खेळाडू सगळेच विरोधात होते, श्रेय एकट्या फॅनचं नाही. पण एक मालक हलल्यावर बाकीचे ज्या वेगाने घसरले, ते ग्रॅनोव्हेटरच्या चौकातलंच दृश्य.

जर्मनीत तर हे तंत्र मुरलेलं आहे. तिथे ५०+१ नियमामुळे, काही अपवाद सोडले तर, मताधिकाराचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहतं. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या ३६ क्लबांनी गुप्त मतदानाने बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा द्यायला मंजुरी दिली. बाजूने २४ मतं, म्हणजे बरोब्बर दोन-तृतीयांश. मग फॅननी मैदानात टेनिसचे चेंडू फेकायला सुरुवात केली. हिरवळीवर पिवळा चेंडू टीव्हीवर लगेच दिसतो, सहसा कुणाला इजा होत नाही, पण उचलेपर्यंत खेळ थांबतो. गुप्त मताला उघड चेंडूचं उत्तर. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने प्रस्ताव गुंडाळला.

याउलट मँचेस्टर युनायटेड. २०१० मध्ये हजारो फॅन क्लबच्या लाल रंगाऐवजी हिरवे-सोनेरी मफलर घालून यायला लागले. क्लब न्यूटन हीथ नावाने सुरू झाला तेव्हाचे ते रंग. एसी मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमनेही मॅचनंतर तो मफलर गळ्यात घातला. याहून जास्त चव्हाटा कुठला? तरी ग्लेझर आजही आहेत. माझं मत असं की या यंत्रणेने मालकाला 'हे नको' म्हणता येतं, 'चालता हो' म्हणता येत नाही. दर मागे घेणं मालकाच्या हातात असतं आणि स्वस्तही असतं. क्लब सोडायचा तर त्याला गिऱ्हाईक आणि किंमत लागते.

आणि इथे पुण्याला दुसरीकडे बघता येत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, किंमत सुमारे २.३ कोटी पौंड. पुढच्या वर्षी संघ बालेवाडीत पुणे एफसीशी खेळूनही गेला. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनविरुद्ध हरून संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्या संध्याकाळी कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांचा धंदा कुक्कुटपालनाचा, त्यामुळे अर्थ सांगायची गरज पडली नाही. पण मालक बदलले नाहीत, आणि तोटाही तेच भरत आले आहेत. हळूहळू एवूड पार्कच्या ३१ हजार खुर्च्यांमधल्या बऱ्याच रिकाम्या राहू लागल्या.

रिकामी खुर्ची ही निषेधाची फार कमकुवत भाषा. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं की दर्जाची सर्वांत जास्त चाड असलेली माणसंच अनेकदा आधी निघून जातात, आणि मागे उरलेल्यांचा आवाज त्यामुळे आणखी बारीक होतो. शिवाय ती खुर्ची पावसामुळे रिकामी आहे, महागाईमुळे की रागामुळे, हे शेजारच्यालासुद्धा कळत नाही. एकेक करून उठलेल्यांना घड्याळ नसतं.

हे सगळं, गुलालासकट, मी सीए मित्राला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी मॅचचं काय झालं?"

२-२. लोक बाहेर पडल्यावर संडरलंडने ८२व्या आणि ८९व्या मिनिटाला गोल मारले.

"बघ," तो म्हणाला, "उठायला नको होतं." लिव्हरपूल पुढे असताना तो आम्हाला खुर्च्या बदलू देत नाही.