कुत्र्यांमधील हृदयकृमी रोग

डासाच्या चाव्यातून कुत्र्याच्या शरीरात शिरणाऱ्या ‘डायरोफायलेरिया इमिटिस’ या कृमीमुळे होणारा रोग. बोलण्यात सगळे ‘हार्टवर्म’च म्हणतात. नावात हृदय असले तरी या कृमीचे खरे ठाणे फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांत असते. तिथे दाटी झाली की तो हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरतो. मादी २५ ते ३० सेंमी. लांब असते, नर तिच्याहून आखूड. मागाखाली पडलेला पांढऱ्या सुताचा गुंता सोलापूरकराने पाहिलेला असतो. कृमींचा पुंजका तसाच दिसतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये या कृमीचे वर्णन केले.

सोलापुरात हा रोग समजावायचा तर हत्तीरोगापासून सुरुवात करावी. जिल्ह्याची गणना राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत झालेली आहे. घरोघरी येऊन समोरच गोळ्या गिळायला लावणारे आरोग्यसेवक इथल्या लोकांना नवे नाहीत. हृदयकृमी हा हत्तीरोगाच्या कृमीचाच भाऊबंद, आणि गटारीत वाढणारा क्युलेक्स डास दोघांचाही वाहक. मात्र माणसाचा हत्तीरोग कुत्र्याला होत नाही. कुत्र्याचा कृमी माणसात गेलाच तर सहसा अर्ध्या वाटेत मरतो. क्वचित फुप्फुसात त्याची गाठ राहते. चाटल्याने किंवा उष्ट्या ताटलीतून तो पसरत नाही, मध्ये डास लागतोच.

बाधित कुत्र्याच्या रक्तातली सूक्ष्म पिले डासाच्या पोटात गेली की सुमारे २७ अंश तापमानात १० ते १४ दिवसांत पुढच्या कुत्र्यात शिरायला तयार होतात. १४ अंशांखाली ही वाढ थांबते, म्हणून थंड देशांत हिवाळाभर उसंत मिळते. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा दुपारी स्वेटर काढून हातात धरावा लागतो. ती उसंत इथे नाही. कुत्र्यात शिरलेली अळी दोनेक महिने कातडीखाली आणि स्नायूंत काढते, मग रक्तातून फुप्फुसाकडे जाते. अंगात शिरल्यापासून सहा-सात महिन्यांत ती प्रौढ होते आणि पुढे पाच ते सात वर्षे जगते.

प्रतिबंधाच्या मासिक गोळीबद्दलचा गैरसमज इथेच सुटतो. गोळी डासाला अडवत नाही आणि येणाऱ्या महिन्याचे कवचही देत नाही. ती मागचा हिशेब चुकता करते : गेल्या महिन्याभरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते. दोन महिने उलटलेली अळी तिला दाद देईलच असे नाही. त्यामुळे ‘पावसाळ्यापुरती दिली’ या सबबीला अर्थ उरत नाही. कुत्र्याच्या पिलाला गोळी आठ आठवड्यांच्या आत सुरू करावी. सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्याचे आधी रक्त तपासावे, कारण रक्तात कृमीची पिले भरपूर असतील तर औषधाने ती एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो.

या गोळ्यांतले जुने औषध आयव्हरमेक्टिन. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले. हेच औषध गुरांसाठी इंजेक्शनच्या बाटलीत मिळते आणि घोटाळा तिथे होतो. प्रतिबंधाची मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १२०. गुरांच्या एक टक्का द्रावणाच्या एका थेंबात सुमारे ५०० असतात. शेतावरचा कारवानी कुत्रा एखाद्या वेळी हे निभावून नेईल. पण कोलीसारख्या काही जातींत जास्त मात्रेने औषध थेट मेंदूत शिरते. बाटली गोठ्यातच राहू द्यावी.

भारतात इमिटिसच्या नोंदी मुख्यतः ईशान्येकडच्या. दक्षिणेत, विशेषतः केरळात, कातडीखाली राहणारी ‘रिपेन्स’ ही जात अधिक सापडते. सोलापुरात मलूल कुत्रा दवाखान्यात आला की डॉक्टरांना आधी गोचीड-ताप आठवतो, आणि ते रास्तच आहे. पण रेंगाळणारा खोकला, थोड्या पळण्यात लागणारी धाप, उतरणारे वजन, पुढे पाण्याने फुगलेले पोट अशी साखळी दिसली, त्यातही कुत्रा परगावाहून आणलेला असेल, तर ही तपासणी मागून घ्यावी. झटपट चाचणी प्रौढ मादीची खूण पकडते, म्हणून लागण होऊन सहा महिने होईतो ती कोरीच येते. रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर इमिटिसची पिले जागच्या जागी वळवळताना दिसतात. दुसऱ्या एका निरुपद्रवी कृमीची पिले मात्र सरसर पुढे सरकत नजरेआड होतात.

उपचार लांबलचक. आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, मग मेलारसोमिन या आर्सेनिकयुक्त औषधाची कमरेच्या स्नायूत तीन इंजेक्शने : एक आधी, महिन्याने दोन लागोपाठच्या दिवशी. मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकतात, म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधूनच ठेवावे लागते. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याला पळू न देणे हे मालकाला औषधाच्या खर्चाहून जड जाते.

डासांचे काम मात्र घरातच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बॅरल, हौद, रांजण भरलेले असणारच, आणि उन्हाळ्यात आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचा, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. कुत्र्याचे पाण्याचे भांडे नुसते उपडे करून भागत नाही. साठवणीच्या पाण्यात वाढणारा एडिस डासही हा कृमी वाहतो आणि त्याची अंडी काठाला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून ते आतून काथ्याने घासायचे.