शंभरची पाटी

द्रुतगती मार्गावर १०० ची पाटी दिसली की पाय आपोआप सैल होतो. पुढे कुठेतरी कॅमेरा असणार, हे आता पुण्या-मुंबईच्या प्रत्येक चालकाच्या अंगवळणी पडलंय. त्यामुळे भाच्याच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर पहिल्यांदा इटलीतल्या मोंझाचा शर्यतीचा ट्रॅक चालवायला घेतला आणि कडेला १५०, मग १००, मग ५० अशा पाट्या आल्या, तेव्हा मला वाटलं, इटालियन लोक फारच समजूतदार, वेगमर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणतायत. काटा २०० वर होता. मी १०० च्या पाटीशी ब्रेक दाबला. गाडीने वळणाकडे ढुंकूनही न बघता नाकासमोर मजल मारली.

"मामा, ते किलोमीटर नाहीत, मीटर आहेत," भाचा हसू दाबत म्हणाला. "वळणाला शंभर मीटर उरलेत, असं सांगते ती पाटी."

रात्री झोप येईना म्हणून कागदावर हिशेब केला. कोरड्या डांबरावर चांगले टायर गाडीचा वेग साधारण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या दराने कमी करू शकतात. त्या वळणात शिरायला वेग ६० च्या आसपास हवा. २०० वरून ६० वर यायला १४० मीटरहून थोडं जास्तच अंतर लागतं. मी १०० मीटर आधी ब्रेक दाबला, म्हणजे वळणाशी पोचलो तेव्हा काटा अजून १२० वर होता. खरी गंमत पुढे आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर पहिल्या ५० मीटरमध्ये वेग २०० वरून फक्त १६५ वर येतो. पुढच्या ५० मध्ये १२० वर. आणि उरलेल्या त्रेचाळीस मीटरमध्ये एकदम ६० कमी होतात! म्हणजे सुरुवातीला ब्रेक लागतच नाही असं वाटतं, नवखा घाबरतो, आणि खरं काम शेवटी-शेवटी होतं.

कारण सोपं आहे, शाळेत शिकलेलं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि ब्रेक तर दर मीटरला तेवढीच ऊर्जा खातो. पण आपलं शरीर वर्गाचं गणित जाणत नाही. ते कर्वे रस्त्यावर तयार झालेलं असतं. तिथे ४० ने जाणारी गाडी, समोर रिक्षा अचानक थांबली तरी, पाय ब्रेकवर पडल्यापासून सहा-साडेसहा मीटरमध्ये उभी राहू शकते. २०० म्हणजे ४० च्या पाचपट, म्हणून अंतरही पाचपट लागेल असं मन धरून चालतं. लागतं पंचवीसपट. ज्या शहराच्या आजूबाजूला, पिंपरीत आणि चाकणला, एवढ्या गाड्या बनतात, त्या शहरातल्या माणसाला ही गोष्ट पन्नाशीत दिवाणखान्यातल्या सतरंजीवर बसून अंगी लागावी, याचं मला जरा हसू आलं.

या खेळांचं आकर्षण म्हणजे वेग, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. वेगच हवा तर त्यासाठी खरी वाटणारी गाडी कशाला लागते? ज्या खेळात बटण दाबून धरलं की गाडी भिंतीला घासत का होईना पण पुढे जाते, त्यात वेग भरपूर असतो आणि दोन दिवसांत कंटाळा येतो. 'ग्रॅन टुरिस्मो' हा मोटारशर्यतीचा खेळ डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आला तेव्हा काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या चमूने त्यावर सुमारे पाच वर्षं घालवली होती. त्यात बक्षीस होतं ते ब्रेक वेळेवर लावण्याला. मोठ्या शर्यतीत उतरण्याआधी लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि त्यातल्या सुरुवातीच्या परीक्षा म्हणजे सरळ जाऊन आखलेल्या पट्ट्यात थांबणं. आपल्याकडे आरटीओत 8 काढून दाखवावा लागतो, तसंच. लोकांनी तो खेळ एक कोटीहून अधिक प्रतींनी विकत घेतला. परीक्षा देण्यासाठी पैसे मोजणारी ही बहुधा जगातली सर्वांत आनंदी गर्दी.

त्याच वर्षी कंट्रोलरही बदलत होता. जुनं बटण एकतर दाबलेलं असे किंवा सोडलेलं. ब्रेक म्हटलं की पूर्ण ब्रेक. नोव्हेंबर १९९७ मध्ये आलेल्या ड्युअलशॉकवर अंगठ्याने थोडं-थोडं वळवता येणाऱ्या दोन काड्या होत्या, आणि तो हातात थरथरायचाही. हा बदल दिसायला किरकोळ आहे. पण चमचाभर मीठ घालणं आणि अख्खी बरणी उपडी करणं, एवढा फरक त्याने पडला.

कारण सगळा खेळ शेवटी टायरचा आहे.

गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. हजार-बाराशे किलो वजन, आणि रस्त्याशी नातं एवढंच. वळताना चाकाचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दिशेला ते नेमकं जात नाही. रबर थोडं मुरडतं आणि चाक किंचित तिरकं चालतं. हा तिरकेपणा वाढवत नेला की सुरुवातीला टायरची पकडही वाढते. साधारण पाच ते दहा अंशांपर्यंत. मग टोक येतं, आणि त्यानंतर जितकं जास्त वळवाल तितकी पकड कमी. नवखा नेमका इथे मार खातो: गाडी वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग आणखी पिळतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पासेइका यांनी १९८० च्या दशकात या चढउताराचं एक सूत्र बसवलं. त्याला अभियंते चक्क 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणतात. त्यातली अक्षरं कुठल्याही मूलभूत नियमातून येत नाहीत. यंत्रावर टायर घासून मोजमापं घ्यायची आणि रेघ त्यांच्यावर बसेल असे आकडे शोधायचे. मला हे फार आवडतं. भौतिकशास्त्राने रबरापुढे हात टेकले, पण रेघ अचूक काढली. मोटारींच्या अनेक सिम्युलेटरमध्ये आज या सूत्राची रूपं वापरतात. 'फोर्झा मोटरस्पोर्ट' मालिकेतले अनेक खेळ तर असली गणितं सेकंदाला ३६० वेळा करतात, पडद्यावर चित्र ६० वेळा बदलत असताना.

दुसरी गोष्ट पगाराची. टायरकडे पकड ठरावीक असते, महिन्याच्या पगारासारखी. ती ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग वाढवण्यावर. सगळा पगार ब्रेकने खाल्ला तर वळायला दमडी उरत नाही, म्हणूनच चाक वळवलेलं असूनही गाडी सरळ जाते. पण इथे बेरीज साधी नाही, पायथागोरसची आहे. ब्रेकला ८० टक्के दिले तरी वळायला २० नाही, ६० टक्के उरतात. (०.८ आणि ०.६ चे वर्ग करून बघा, बेरीज १ येते.) म्हणून निष्णात चालक वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडत नाही, स्टिअरिंग जसं वाढेल तसा पाय हळूहळू उचलतो. पुण्यात पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना, वळणावर पुढचा ब्रेक दाबून ज्यांची स्कूटर आडवी झालीय, त्यांना हे सूत्र गुडघ्यावर कोरलेलं सापडेल. माझ्या डाव्या गुडघ्यावर आहे.

दिवाळीत भाच्याने सेकंड हँड स्टिअरिंग व्हील आणलं. ते आता कॉम्प्युटर टेबलाला शिकंज्याने आवळलेलं असतं. पेडल मात्र गुळगुळीत फरशीवर मागे पळायची, ब्रेक दाबला की पायच लांब. शेवटी अडगळीतून आजीचा पाटा काढला आणि पेडलांच्या मागे भिंतीला टेकवला. इतकी वर्षं पुरण वाटलेला दगड आता मोंझाच्या ब्रेकला आधार देतो. मामीने एकच वाक्य उच्चारलं, ते इथे देत नाही.

या व्हीलमध्ये मोटर असते आणि ती हातांशी बोलते. वळताना चाक परत सरळ व्हायला बघतं, म्हणून स्टिअरिंग जड लागतं. का? जमिनीला टेकलेल्या रबरात बाजूचा जोर सगळीकडे सारखा नसतो, तो मागच्या बाजूला जास्त साठतो आणि चाकाला उलट पीळ देतो. तिरकेपणा वाढला की टेकलेल्या भागाची मागची कड आधी घसरायला लागते. जोराचा मध्य पुढे सरकतो आणि तो पीळ कमी होतो. पकडीचं टोक यायच्या *आधी*. म्हणजे वळणात स्टिअरिंग जड होत जातं, जड होत जातं, आणि मग हातात एकदम लोणी आल्यासारखं हलकं होतं. गाडी अजून सुटलेली नसते. ती सुटणार आहे, याची ती वर्दी असते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सलग चाळीस मिनिटं एकच वळण घेत राहिलो. टायर किंचाळतो तेही असंच: रबर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनच्या तारेवर गज हेच करतो. खेळात तो आवाज सजावट म्हणून नसतो, काटा म्हणून असतो.

एवढं सगळं असूनही एक मोठी उणीव राहते. आपण हलत नाही. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि बारीक खडे असलेल्या दोन पिशव्या असतात. शरीर वळलं, पुढे-मागे ढकललं गेलं की त्या मेंदूला कळवतात. वरंध घाटात एसटीत मूल गोष्टीचं पुस्तक वाचतं आणि उलटी करतं, कारण कान म्हणतात वळतोय आणि डोळे म्हणतात पान स्थिर आहे. कन्सोलवर भांडण उलटं: डोळे म्हणतात २००, कान म्हणतात सतरंजी. काहींना त्यामुळे खरंच मळमळतं, मामीला पाच मिनिटांत. बहुतेकांचे डोळे जिंकतात. पुणे स्टेशनवर आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते, आणि क्षणभर आपणच निघालो असं वाटून पोटात गोळा येतो. तसंच हे. अशा वेळी कडेने सरकणारं चित्र सर्वांत जास्त फसवतं, म्हणून टीव्हीपासून दहा फुटांवर सोफ्यात रेलून खेळलं तर वेगच जाणवत नाही. पुढे सरका, फरक बघा.

मोठ्या सिम्युलेटरमध्ये कानाला फसवायची युक्ती आहे आणि ती थेट आइन्स्टाइनची आठवण करून देते. कानातल्या खड्यांना गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक ओळखता येत नाही. मग आसन हळूच मागे कलवायचं आणि पडदाही सोबत कलवायचा. बसलेल्याला वाटतं गाडीने वेग घेतला. घरी हे नाही. तरीही घरी शिकलेलं कौशल्य रस्त्यावर उतरतं, हे 'ग्रॅन टुरिस्मो' खेळणाऱ्यांमधून खरे शर्यतचालक निवडणाऱ्या निसान आणि सोनीच्या स्पर्धेतून दिसलं. २००८ मध्ये ती जिंकलेला स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ २०११ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला.

मेंदू हे कसं जमवतो, त्याचा एक धागा १९९४ चा आहे. मायकल लँड आणि डेव्हिड ली यांनी नागमोडी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांची नजर नेमकी कुठे असते ते टिपलं. वळणात शिरायच्या एक-दोन सेकंद आधीच नजर आतल्या कडेच्या त्या बिंदूवर जाऊन बसते, जिथे कड सर्वांत आत आलेली दिसते आणि मग उलट दिशेला वळते. तो बिंदू गाडीच्या रोखापासून किती डावी-उजवीकडे आहे, यावरून वळण किती तीव्र ते कळतं. हा बिंदू खऱ्या रस्त्यावर असतो तसाच चांगल्या खेळातही असतो, कारण त्यातले अनेक ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले असतात. मी भाच्याचे डोळे बघितले. तो गाडीकडे बघतच नव्हता.

एक घरगुती सल्ला मात्र देतो. टीव्ही चित्र सुंदर करायला वेळ घेतो. तो उशीर सेकंदाचा दहावा भाग जरी असला, तरी २०० च्या वेगाला तुम्ही साडेपाच मीटर जुनं जग बघत असता. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावा. मी आठ दिवस स्वतःच्या वयाला दोष देत होतो.

आता मोंझाला मी १५० च्या पाटीच्या थोडा आधी ब्रेक दाबतो. समोर माझीच कालची सर्वांत चांगली फेरी अर्धपारदर्शक गाडी होऊन पळत असते, तिला 'घोस्ट' म्हणतात. मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षेहून बरं काही घडलं की जास्त चेकाळतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं. घोस्ट म्हणजे ती अपेक्षाच, काचेची करून समोर सोडलेली. कालच्या मला आज वळणात गाठलं, बाहेर पडताना गाडी त्याच्या अंगातून आरपार गेली, आणि पुढच्या वळणावर हाव सुटून मी ब्रेक पाच मीटर उशिरा दाबला. स्टिअरिंग लोण्यासारखं झालं.

"गेलास," भाचा मागून म्हणाला. आतून मामीने विचारलं, किती वाजलेत बघितलंय का कुणी.