‘तू बोल… नाही, तू बोल’

कोविडच्या सुरुवातीला ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द रूढ झाला, तो मला पहिल्या दिवसापासून खटकला. विषाणू रोखायला शरीरं लांब हवीत, माणसं नव्हे. मार्च २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही ‘फिजिकल डिस्टन्सिंग’ म्हणायला सुरुवात केली, ती याच कारणानं.

आता, जवळ राहायला ‘रोज मेसेज करतो की, तेवढं पुरे!’ हा समज. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावलं. ताण चढला. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी फोनवर बोलली. दोन्ही गटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं आणि जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं. पुढच्या प्रयोगात काही मुलींना आईशी फक्त चॅटवर बोलता आलं. त्यांचं कॉर्टिसॉल, आईशी अजिबात संपर्क न झालेल्या मुलींसारखंच चढलेलं राहिलं. प्रयोग लहान होते, आणि ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं रसायन’ म्हणून त्याचे फवारे विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण आवाजात काहीतरी आहे, हे नक्की.

मग व्हिडिओ कॉलवर आवाज आणि चेहरा दोन्ही असूनही तासाभरात थकायला का होतं? याचं एक कारण मला फार आवडतं: बोलण्याची पाळी.

एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात किती वेळ जातो? जगभरातल्या दहा भाषांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत सर्वांत कमी, डॅनिशमध्ये सर्वांत जास्त, पण सगळ्या भाषा या सरासरीच्या आसपासच. गंमत अशी की एखाद्या चित्राचं नाव उच्चारायलासुद्धा मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू करतो, आणि ते नेमकं कधी संपणार याचा अंदाज सूर, शब्द, श्वास यांवरून बांधतो.

इंटरनेटवर हाच अंदाज कोलमडतो. आपला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. तुकडे मागेपुढे पोचतात, म्हणून पलीकडचं यंत्र त्यांना क्षणभर थांबवून रांगेत लावतं; या थांब्याला ‘बफर’ म्हणतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. समजा तो २०० झाला. माझा प्रश्न तुमच्यापर्यंत जायला २००, तुमचा नेहमीचा विराम २००, उत्तर परत यायला २००. तुम्ही लगेच बोललात, तरी मला ६०० मिलिसेकंदांची शांतता ऐकू येते. मला वाटतं, तुम्ही अडखळलात. मी पुन्हा तोंड उघडतो, तेवढ्यात तुमचं उत्तर येऊन धडकतं.

‘अगं, मी काय म्हणत…’ ‘हो, पण डॉक्टर…’ ‘बोल, बोल.’ ‘नाही, तू बोल.’

याहून वाईट म्हणजे दोष तारेला जात नाही, माणसाला जातो. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मुद्दाम उशीर घातलेल्या संभाषणात लोकांना समोरची व्यक्ती कमी लक्ष देणारी वाटली. विलगीकरणातला माणूस आधीच एकाकी, त्यात घरच्यांना आपला कंटाळा आलाय असं त्याला एका बफरमुळे वाटावं, हे मला फार वाईट वाटतं.

(२०२०मध्ये ब्रिटनमध्ये ‘फाइव्ह-जीमुळे कोरोना पसरतो’ म्हणत लोकांनी मोबाइल टॉवर पेटवले. रेडिओलहरींवर बसून विषाणू प्रवास करत नाही. टॉवर जळाला की तुटतो तो घरात अडकलेल्यांचा संपर्क.)

नेटवर्क क्षीण असेल तर चित्र बंद करून नुसतं बोलावं. प्रश्न विचारल्यावर मनात ‘एक’ म्हणण्याइतकं थांबावं. आणि दोघंच बोलत असताना म्यूटचं बटण दाबू नये, कारण त्यात ‘हं’ हरवतो. समोरचा बोलत असताना मध्येमध्ये येणारा तो ‘हं… हो ना… मग?’ म्हणजे ‘मी ऐकतोय’ याची पोच असते, आणि ती पाळी न मोडता देता येते.