मामीचा ग्रॅनोला आणि जुलैची हवा

अमळनेरहून मामीचा फोन आला तो तक्रारीचाच. "भाऊ, हाऊ नरम कसा पडना?" हाऊ म्हणजे ग्रॅनोला, ओट्स आणि दाणे भाजून केलेला न्याहारीचा कोरडा पदार्थ. मे महिन्यात तिने केलेला घाणा असा कुरकुरीत झाला होता की मामांनी चिवड्यासारखा येताजाता खाऊन संपवला. जुलैत तीच मापं, तीच कढई, तीच बरणी, आणि तिसऱ्या दिवशी सगळं चामट. मामीचं निदानही तयार होतं: "साखर कमी टाकस ना मी, म्हनीसन."

हे निदान मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं होतंच. साखरेने पदार्थ कुरकुरीत होतो हा समज चुकीचा आहे. पदार्थ कुरकुरीत होतो तो पाणी गेल्यामुळे. साखर मदत करते खरी, पण पावसाळ्यात तीच घात करते.

आधी घरी करायची वेळ का आली ते सांगतो. मामांची शुगर वाढल्याचा रिपोर्ट आला, आणि पुण्याच्या लेकीने काळजीने ग्रॅनोलाचं पाकीट पाठवलं. वर ठसठशीत अक्षरांत 'रिफाइन्ड साखर नाही' असं लिहिलेलं. मागे बारीक अक्षरांत घटकांच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गूळ, चौथ्यावर मध, आणि 100 ग्रॅममागे साखर 21 ग्रॅम. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे दुसरा नंबर म्हणजे काय ते ओळखा. गुळात साधारण 65 ते 85 टक्के सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच, आणि उरलेल्यातही ग्लुकोज-फ्रुक्टोजचा वाटा मोठा. मधात फ्रुक्टोज 38 टक्क्यांच्या आसपास आणि ग्लुकोज 31. 'नैसर्गिक' हा शब्द पाकिटावर छापल्याने स्वादुपिंडाला काही फरक पडत नाही. गुळात लोह असतं म्हणून मधुमेहाला गूळ चालतो, असं सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. त्यांना जिलेबी वाढावी आणि पुढे सरकावं.

गंमत म्हणजे मूळ पदार्थात साखर नव्हतीच. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स केलेब जॅक्सन यांनी 1863 साली कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाचा रोट भाजला, फोडला, पुन्हा भाजला, आणि त्याला 'ग्रॅन्युला' म्हटलं. तो इतका कडक असे की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे जॉन हार्वे केलॉग यांनी असाच पदार्थ काढला आणि नावावरून वाद झाल्यावर त्याचं नाव 'ग्रॅनोला' केलं. ओट्स, मध आणि तेल ही आजची मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. साखर न घालता निव्वळ दोनदा भाजून दातांना दाद न देणारा पदार्थ होतो, याचा पुरावा दीडशे वर्षं जुना आहे.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो. तिचं नाव काच-संक्रमण.

काच म्हटल्यावर खिडकी आठवते, पण भौतिकशास्त्रात काच ही एक अवस्था आहे. रेणू स्फटिकासारखे शिस्तीत बसलेले नसतात, द्रवासारखे अस्ताव्यस्त असतात, मात्र जागच्या जागी थिजलेले. वाढदिवसाच्या पार्टीत पोरं धिंगाणा घालताहेत आणि अचानक कुणी 'स्टॅच्यू' म्हणावं, तसं. चिक्कीतला पारदर्शक भाग ही साखरेची काच आहे. भाजलेला पापड, बिबडं, खारी, ज्वारीची लाही या पिष्टाच्या (स्टार्चच्या) काचा. काच वाकत नाही, कट्कन मोडते. त्या मोडण्याच्या आवाजालाच आपण कुरकुरीत म्हणतो. प्रत्येक काचेचं एक तापमान असतं. त्याच्या खाली ती ठिसूळ, वर गेली की रबरासारखी चिवट आणि पुढे चिकट. कोरड्या सुक्रोजसाठी हे तापमान 62 अंशांच्या आसपास आहे. ग्लुकोजसाठी सुमारे 31, फ्रुक्टोजसाठी जेमतेम 5. कोरड्या पिष्टासाठी ते शंभराच्या कितीतरी वर जातं. आणि पाण्यासाठी? उणे 135.

हा उणे 135 चा आकडा सगळ्या गोष्टीचा खलनायक आहे. पदार्थात पाणी शिरलं की मिश्रणाचं काच-संक्रमण तापमान दोघांच्या मधे कुठेतरी येतं, पण सरळ सरासरीने नाही. पाण्याचे रेणू चिमुकले आणि चपळ, ते मोठ्या रेणूंच्या मधे घुसून त्यांना हलायला जागा करून देतात. साखरेच्या बाबतीत हिशोब करताना पाण्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे पावणेपाच ग्रॅमसारखा धरावा लागतो. म्हणजे 95 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम पाणी असेल तर 95 गुणिले 62, त्यात 5 गुणिले 4.7 गुणिले उणे 135 मिळवायचे, आणि बेरजेला 95 अधिक 23.5 ने भागायचं. उत्तर येतं 23 अंश. (ज्यांना आकडेमोड नको त्यांनी नुसतं उत्तर घ्यावं.) पाच टक्के पाण्याने 62 चे 23 झाले! खोलीचं तापमान 28 असेल तर ही साखर आता काच राहिलेली नाही, ती चिकट पाक झाली आहे. त्यात गूळ किंवा मध असेल तर सुरुवातच खालून होते, कारण फ्रुक्टोजचं तापमान मुळात 5. मधात 17 टक्क्यांच्या आसपास पाणी आधीच असतं, त्यामुळे खोलीत ठेवलेला मध कधीच काच होत नाही.

पिष्टाचं तसं नाही. ते शंभराच्या वरून घसरायला लागतं, म्हणून थोडं पाणी आलं तरी त्याची पडझड खोलीच्या तापमानापर्यंत पोचत नाही. म्हणजे ओट्स आणि लाह्यांची काच टिकाऊ, गुळाची काच नाजूक. मामीने साखर कमी घातली हे कुरकुरीतपणाच्या दृष्टीने चांगलंच केलं होतं. दोष हवेत होता.

आपल्याकडची हवा म्हणजे दोन टोकं. मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा 44-45 ला टेकतो, दुपारची सापेक्ष आर्द्रता विसाच्या आसपास उतरते. गच्चीवर टाकलेल्या कुरडया एका दिवसात खडखडीत. जुलै-ऑगस्टात सकाळची आर्द्रता ऐंशीच्या पुढे. उघड्यावरचा कोणताही पदार्थ हवेशी जुळवून घेतो: ओला असेल तर पाणी देतो, कोरडा असेल तर घेतो. हे जुळणं मोजायला जलसक्रियता नावाचं माप आहे, शून्य ते एक. ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडा ठेवलेला ग्रॅनोला हळूहळू 0.8 कडे सरकतो. भाजलेल्या धान्याचा कुरकुरीतपणा मात्र 0.4 ते 0.5 च्या दरम्यानच संपतो. मामी दिवसातून सहा वेळा झाकण उघडते आणि प्रत्येक वेळी बरणीभर ओली हवा आत जाते.

आर्द्रता मोजायला यंत्र लागत नाही. शुद्ध मिठाला 75 टक्क्यांच्या वर पाणी सुटतं. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात म्हणून ते त्याआधीच पाझरतं. मिठाच्या बरणीत गठ्ठे झाले की ग्रॅनोलाची बरणी उघडी ठेवायची नाही. गूळ पावसाळ्यात का पाझरतो तेही इथेच कळतं: फ्रुक्टोज साठच्या थोड्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं.

जलसक्रियतेच्या याच मापाने एक जुना प्रश्न निकालात निघतो. पाळीतल्या बाईचा हात लागला की पापड, लोणचं, वाळवण बिघडतं, असं आजही काही घरांत सांगतात. बुरशीला जलसक्रियता 0.6 च्या वर लागते, बहुतेक जिवाणूंना त्याहून बरीच जास्त. त्याखाली कुणाचाही हात लागो, काही उगवत नाही. त्यावर गेलं की कुणाचाही लागो, बुरशी येते.

आता कृती, पण कारणांसकट. ग्रॅनोलात साखरेचं खरं काम चिकटवण्याचं आहे, गठुळ्या धरण्याचं. ते काम आपल्या ओळखीचं जवस करतं. 20 ग्रॅम जवस भरड कुटून 60 मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं ठेवा. सालीतला चिकटा सुटतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. हा चिकटा वाळला की त्याची कडक पापडी होते, आणि ती गुळाच्या पाकासारखी सहज पाझरत नाही. त्यात एक पिकलेलं केळ कुस्करा, सालीवर काळे ठिपके आलेलं. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून नव्हे, तर पिकताना त्यातलं जवळजवळ सगळं पिष्ट साखरेत बदलतं म्हणून. शंभर ग्रॅम गरात सुमारे 12 ग्रॅम साखर आणि 75 ग्रॅम पाणी. गोडी आपल्याला मिळते, पाणी भाजताना जातं.

यात 150 ग्रॅम रोल्ड ओट्स, 60 ग्रॅम अर्धवट कुटलेले शेंगदाणे, 20 ग्रॅम तीळ, दोन चमचे शेंगदाणा तेल, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ कालवा. मीठ वगळू नका, कमी गोडीला ते उचलून धरतं. ताटात अर्ध्या इंचाचा थर दाबून ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, 150 अंशांवर अर्धा-पाऊण तास. ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर जमतं, पण सतत हलवावं लागतं आणि गठुळ्या मोडतात. चव तीच येते. रंग सोनेरी झाला की थांबा. हा रंग प्रथिनं आणि साखरेच्या अभिक्रियेचा, लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेल्या. साखर कमी असली तरी केळ्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजवर ती मजेत चालते. तांबूस-काळं होऊ देऊ नका: चव कडू होते आणि धान्य जास्त भाजलं की त्यात ॲक्रिलामाइड हे नकोसं रसायन वाढतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. बाहेर काढल्यावर ग्रॅनोला मऊ लागतो, म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवतात आणि करपवतात. गरम असताना तो मऊच असणार, कारण त्यातली साखर काच-संक्रमणाच्या वर आहे. खाली उतरून थंड होऊ द्या, हलवू नका, मग तोडा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका, नाहीतर झाकणाला लागलेली वाफ पुन्हा खालीच पडते.

ज्वारीच्या लाह्या 40 ग्रॅम, पण शेवटी, गार झाल्यावर. नागपंचमीला फोडलेली लाही म्हणजे पिष्टाचा फेस, भिंती कागदाहून पातळ. ओल्या मिश्रणात घातली की भिंतींची काच क्षणात वितळते आणि लाही आक्रसून खडा होते. ओव्हन ती पुन्हा फुलवू शकत नाही. मनुका किंवा सुकवलेलं केळ बरणीत घालूच नका. मनुकेत पाणी सुमारे 15 टक्के, भाजलेल्या ओट्समध्ये दोन-तीन. बंद बरणीत पाण्याचे टक्के सारखे होत नाहीत, जलसक्रियता सारखी होते. मनुका दगड होतात, ओट्स चामट. खाताना वाटीत टाका.

हिशोब: भाजल्यावर वजन 340 ग्रॅमच्या आसपास भरतं. साखर केळ्याची 12 ग्रॅम, दाण्या-ओट्सची मिळून साडेचार. म्हणजे शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आत-बाहेर. भारतीय नियमांनुसार घन पदार्थावर 'कमी साखर' असा दावा करायची मर्यादा हीच, 5 ग्रॅम. गूळ 10 ग्रॅम घातला तर आकडा सातच्या वर जातो. मामांना फिकं लागत असेल तर तेवढा चालवून घ्यावा, पण पाकिटाच्या 21 शी त्याची तुलना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून मिसळलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, शक्य तर 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं; 2000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, आणि मध त्यात मोजलेला आहे.

मामांना हेही सांगावं लागलं की साखर कमी म्हणजे पिष्ट कमी नव्हे. ओट्स आणि ज्वारीचं पिष्ट शेवटी ग्लुकोजच होतं. ओट्समधलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारा तंतुमय घटक) त्याचा वेग मंदावतं, वाटीचा आकार मात्र कमी करत नाही. दोन मुठी दह्याबरोबर ठीक. चिवड्यासारखा येताजाता नाही.

मऊ पडलेला घाणा टाकायची गरज नसते. 120 अंशांवर दहा-बारा मिनिटं पुन्हा भाजला की शिरलेलं पाणी जातं आणि काच परत येते. हे मी मामीला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, बरणीत तांदळाची पुरचुंडी ठेवली तर? मी म्हटलं, तांदळात स्वतःचंच बारा-तेरा टक्के पाणी असतं, त्याची जलसक्रियता ग्रॅनोलाहून जास्त. तो पाणी ओढायच्या ऐवजी देईल.

"भाजेल तांदूळ ठेवू?"

मी क्षणभर गप्प. अगदी बरोबर होतं ते. भाजलेला तांदूळ कोरडा, तो पाणी ओढणारच. चालेल, म्हटलं, पण दर आठवड्याला पुरचुंडी सोडून तांदूळ परत भाजावे लागतील.

"मंग हाऊच भाजी लेसू ना," म्हणजे मग ग्रॅनोलाच भाजून घेईन ना, असं मामी म्हणाली आणि फोन ठेवला.